आधी वजन, मग पाटी: एका जुन्या स्की बोटीची लाट

धायरीत आमची फायबरची शेड आहे. बाबांनी ती सुरू केली तेव्हा पाण्याच्या टाक्या आणि बागेतल्या घसरगुंड्या व्हायच्या. मी हाताशी आल्यावर बोटींची दुरुस्ती वाढली. पुण्यात कसल्या आल्यात बोटी, असं लोक विचारतात. पण शहराच्या पश्चिमेला एवढी धरणं आहेत, आणि धरण आलं की बोट येते, बोटीमागे तडकलेला जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, आणि कुजलेला प्लाय येतोच. हे प्रकरण मात्र दुरुस्तीचं नव्हतं. एका माणसाला त्याच्या बोटीमागे उठणारी लाट बदलून हवी होती.

दिवाळीच्या आधी फोन आला. "ताई, मागे चिकटवायचं वेक शेपर मागवलंय. सक्शनचं. त्यानं सर्फिंगची लाट येते म्हणतात. आमच्याकडे येत नाही, वर दोनदा निखळून पडलं." वेक म्हणजे बोटीमागची लाट, आणि शेपर म्हणजे तिला आकार द्यायला बोटीच्या मागे एका बाजूला चिकटवायची पाटी.

असा फोन आला की मी दोन प्रश्न आधी विचारते. पाणी कुठलं आणि परवानगी कुणाची, हा पहिला. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही साखळी पुण्याला पाणी पाजते, तिथे हौसेची कामं मी हातात घेत नाही. यांचं पाणी वेगळं होतं. एका धरणाच्या फुगवट्यावर यांचं जलक्रीडा केंद्र, कागदपत्रं जागेवर, बोटीची नोंदही झालेली. दुसरा प्रश्न इंजिनाचा: ते कुठे बसलंय? मागे टांगलेलं आउटबोर्ड असेल तर मी तिथेच नाही म्हणते. वेक सर्फिंगमध्ये माणूस बोटीच्या मागे तीन-चार मीटरवर, दोरी सोडून, लाटेच्या उतारावर उभा असतो. तो पडला की बरेचदा बोटीच्या दिशेनंच पडतो. आउटबोर्डचा पंखा नेमका तिथे, उघडा फिरत असतो. व्होल्वो पेंटानं २०१५ मध्ये पंखा पुढच्या बाजूला असलेला फॉरवर्ड ड्राइव्ह आणला, तो याच कारणासाठी. आपल्याकडच्या साध्या आउटबोर्डला कुठलंही शेपर लावलं तरी हा धोका तसाच राहतो.

मालकांनी फोटो पाठवले. इनबोर्ड, साडेएकोणीस फुटी, इंजिन बोटीच्या मधोमध, पंखा पोटाखाली आत. परदेशातून आलेली, दोन मालक पाहिलेली, खास वॉटर स्कीइंगसाठी बनवलेली बोट. फोटो बघितल्यावर अर्धं उत्तर मिळालं. स्की बोट बनवणाऱ्याचं सगळं कसब मागची लाट लहान करण्यात जातं, कारण स्कीवाल्याला सपाट पाणी हवं असतं. म्हणजे मालक त्या बोटीकडून तिच्या जन्माच्या उलट काम मागत होते.

हट्ट मुलीचा होता. अकरावीतली पोर, स्केटबोर्ड चालवणारी, वजन पन्नास किलो. केंद्रावर पहिल्यांदा गेले तेव्हा तिनंच शेपर हातात आणून दिलं आणि म्हणाली, "मावशी, हे कुठल्या बाजूला लावायचं ते यूट्यूबवर प्रत्येक जण वेगळं सांगतो."

प्रत्येक जण वेगळं सांगत नाही, पण ऐकताना तसं वाटतं. ज्या बाजूला सर्फ करायचं, त्याच्या विरुद्ध बाजूला शेपर लागतं. बोट पुढे जाते तेव्हा दोन्ही कुशींवरून आलेलं पाणी पिछाडीमागच्या खड्ड्यात एकमेकांवर आदळतं आणि फेसाळतं. एका बाजूला पाटी बसवली की त्या बाजूचं पाणी बाहेर फेकलं जातं, खड्डा भरायला त्याला उशीर होतो. तेवढ्या उशिरात दुसऱ्या बाजूची लाट कुणाचा धक्का न लागता उभी राहते, गुळगुळीत. मुलीचा डावा पाय पुढे असतो, लाटेकडे तोंड करून ती डाव्या बाजूला उभी राहणार, म्हणून पाटी उजवीकडे. यांनी डावीकडे लावली होती. म्हणजे जी लाट हवी तीच मोडत होते.

ही कल्पना फार जुनी नाही. पूर्वी सगळं वजन एका कोपऱ्यात टाकून बोट तिरकी करत, आणि तिरक्या बोटीची एक लाट मोठी होई. २०१२ मध्ये मालिबू कंपनीनं सर्फ गेट नावाची हलती झडप कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली आणि मग ज्यांच्या बोटीला ती नाही त्यांच्यासाठी चिकटवायच्या पाट्यांचा बाजार उभा राहिला. नव्या बोटींत टाक्या आणि झडपा दोन्ही असतात. आमच्या हातात जुनी बोट आणि एक पाटी.

पाटी निखळत का होती, ते सोपं होतं. बोट वर्षभर उन्हात. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीवर, जेलकोट खडूसारखा झालेला, त्यावर शेवाळाचा न दिसणारा पापुद्रा. सक्शन कपाच्या कडेतून हवा शिरत होती. पाण्याखाली येणारा एवढा भाग आम्ही रबिंग कंपाउंडनं घासला, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला, कप ओले करून दाबले. मग ओढून बघितलं तर दोन माणसांना सुटेना. तरीही एक नायलॉनची दोरी बांधलीच. सतरा किलोमीटर वेगाला तेवढी पाटी पाण्याला सरळ आडवी धरली तर शंभर किलोच्या आसपास जोर येतो. ती तिरकी असते म्हणून कमी, पण वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो. त्यांचा चालक सर्फ संपल्यावर पाटी तशीच ठेवून पस्तीसच्या वेगानं धक्क्याकडे यायचा. दुसऱ्यांदा निखळली ती तेव्हाच.

योग्य बाजूला, घट्ट बसवून पहिली फेरी केली. लाट स्वच्छ झाली, पण बुटकी. मुलगी दोन-तीन सेकंद उभी राहिली आणि लाटेनं तिला सोडून दिलं. मालकांचा चेहरा उतरला. "पाटी लहान पडतेय का? मोठी बनवून द्याल?"

आमच्या धंद्यात इथेच पैसे मिळतात आणि इथेच माणूस चुकतो. मोठी पाटी मी आठवड्यात बनवून दिली असती. मी त्यांना थांबायला सांगितलं आणि मामांकडे गेले.

माझे मामा खडकवासल्याच्या सीडब्ल्यूपीआरएसमधून, म्हणजे केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रातून, निवृत्त झाले. १९१६ पासूनची ती संस्था, धरणं आणि बंदरं बांधायच्या आधी त्यांची छोटी मॉडेलं करून पाणी सोडून बघणारी. मामांचं आयुष्य मॉडेलं उभारण्यात गेलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि वहीच्या पाठीमागे आकडा मांडला. बोटीबरोबर चालणाऱ्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गानं वाढते. ताशी ११ किलोमीटरला ती साधारण ६ मीटर, म्हणजे यांच्या बोटीएवढीच. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, लाटेच्या एका शेंड्यावर, पिछाडी दुसऱ्या. १७ ला ती १४ मीटर होते. मग नाळ शेंड्यावर आणि पिछाडी जवळपास खड्ड्यात. "बोट त्या वेळी स्वतःच्याच लाटेचा चढ चढत असते गं," मामा म्हणाले. "तेव्हाच ती सगळ्यात जास्त पाणी ढकलते. पस्तीसला गेली की पाण्यावर येऊन घसरते, मग लाट बारीक होते." म्हणजे वेग बरोबर होता. कमी पडत होतं ते ढकललेलं पाणी, आणि बोट पाणी ढकलते ते तिच्या वजनाएवढं. पाटी लाटेला आकार देते, लाटेत पाणी भरत नाही.

मामा एवढ्यावर थांबणारे नव्हेत. एकास दहा प्रमाणात त्यांनी थर्मोकोल कोरून, वर फायबरचा पातळ हात देऊन साठ सेंटिमीटरची बोट केली. खरी बोट अकराशे किलोची, म्हणून मॉडेल अकराशे ग्रॅमचं. लांबी दहा पट कमी की वजन हजार पट कमी. वेगाचं गणित मला फार आवडलं. तो दहाच्या वर्गमुळानं कमी होतो, सव्वातीन पट म्हणा. सतराचे होतात सुमारे साडेपाच किलोमीटर, माणसाच्या झपझप चालण्याएवढे. सोसायटीच्या पोहण्याच्या तलावाच्या कडेनं मामा काठीला दोरी बांधून बोट ओढत चालले, मी पलीकडून मोबाइलवर चित्रण करत होते. वॉचमनदादा आधी हसले, मग चपला काढून बाजूला येऊन बसले आणि "आता डावीकडं वजन टाका" म्हणू लागले.

तीनशे ग्रॅम रेतीची पुरचुंडी डाव्या मागच्या कोपऱ्यात ठेवली आणि लाट डोळ्यांना दिसेल इतकी वाढली. पुरचुंडी पुढे सरकवली की लाट लांब आणि सौम्य, मागे नेली की उंच आणि तोकडी. मग पत्र्याचा तुकडा उजव्या बाजूला चिकटवला आणि तीच लाट सरळ झाली. मोठा पत्रा लावून पाहिला. बोट एका अंगाला ओढायला लागली, लाट वाढली नाही. मामांनी एक गोष्ट बजावली: फेस या मॉडेलमध्ये कळणार नाही, पाण्यात हवा मिसळणं या प्रमाणात खरं उतरत नाही, ते धरणावरच बघ.

तर वजन. पाण्याच्या पिशव्या मिळतात, फ्लाय हायच्या फॅट सॅकसारख्या, पंपानं भरायच्या, संपल्यावर रिकाम्या करायच्या. मालकांनी ऐकल्याबरोबर हिशोब केला: ३४० लिटरच्या दोन पिशव्या, आणि घरची सहा माणसं. गोड्या पाण्याचं एक लिटर म्हणजे एक किलो. ६८० आणि सहा माणसांचे ४२०, अकराशे. बोटीत जास्तीत जास्त किती भार चालतो ते सांगणारी एक पितळी रंगाची पट्टी स्टिअरिंगजवळ असते, ती मी त्यांना वाचून दाखवली. सात माणसं, एकूण ११५० पौंड. किलोत ५२०.

"पण नव्या बोटींत टनभर पाणी भरतात की," ते म्हणाले. भरतात. त्या बोटी त्या वजनासाठी आखलेल्या असतात, कुशी उंच असतात. यांच्या बोटीची मागची कड पाण्यापासून दीड वीत. वजन मागे टाकलेल्या बोटीचा वेग एकदम तोडला की मागून येणारी स्वतःचीच लाट ट्रान्समवरून आत येते. वीसेक सेकंदांत बोट भरू शकते, आणि मग पिशवीतल्या पाण्यापेक्षा बोटीतलं पाणी जड होतं. मी त्यांच्यापुढे हिशोब उलटा मांडला. चालक एक, मागे बघणारा एक, सर्फर एक. सर्फर पाण्यात असताना बोटीत नसतो, पण दमून वर आला की असतो, म्हणून तीन माणसं धरायची. सत्तरच्या हिशोबानं २१०. उरले ३१०. त्यातले दहा दोरी, बोर्ड आणि पंपाचे. पिशवी ३४० ची घेतली तरी भरायची ३०० लिटर, एक थेंब जास्त नाही. बाकीचं घर काठावर.

हे त्यांना पटायला दोन दिवस लागले. मी कामाचा दर कमी केला नाही, पण या आकड्यावरून हललेही नाही. शेवटी मुलीनंच बाबांना सांगितलं की तिला बोटीत गर्दी नकोच आहे.

ताशी तीन हजार लिटरचा बारा व्होल्टचा पंप घेतला, तीनशे लिटरला सहा मिनिटं. रिले, फ्यूज आणि वायर तपकीर गल्लीतून. पिशवी घसरू नये म्हणून डाव्या मागच्या कोपऱ्यात फायबरचा कठडा. पिशवीवर ३०० ची खूण ऑइल पेंटनं, कारण पंप बंद करायला माणूस विसरतो. पिशवी रिकामी त्याच धरणात करायची, हाही नियम लिहून दिला. एका पाण्यातले जीव आणि बिया दुसऱ्या पाण्यात नेल्या की काय होतं, ते जलपर्णीनं भरलेली आपली नदी पाहिलेल्या पुणेकराला सांगावं लागत नाही.

धूर हा विषय कुणी काढला नव्हता. या बोटीचे दोन्ही एक्झॉस्ट ट्रान्सममधून सरळ मागे, पाण्याच्या जरा वर. पेट्रोल इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बोट हळू चालते तेव्हा पिछाडीमागे हवेची पोकळी होते आणि धूर तिथेच घोटाळतो, सर्फरच्या तोंडाशी. डोकं दुखलं तर ऊन लागलं असं वाटतं. धूर पाण्याखाली, पंख्याच्या प्रवाहात सोडणारी वाकडी पाइप मिळते. ती बसवल्याशिवाय लाटेचं काम पुढे नेणार नाही असं मी सांगितलं आणि आधी ती बसवली. या सगळ्या सुट्या भागांमध्ये हाच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि जाहिरातीत तोच सर्वांत मागे असतो.

मालकांना अजून एक हवं होतं: कायमची झडप. न गंजणाऱ्या ३१६ प्रतीच्या स्टीलची पाटी, बिजागरी, बटण दाबलं की बाहेर. त्यासाठी पाण्याच्या रेषेखाली ट्रान्समला भोकं पाडावी लागतात. मी प्लास्टिकच्या हातोडीनं ट्रान्सम ठोकत गेले. बहुतेक जागी टणक आवाज, पण पाण्यात उतरायला मागे बसवलेल्या पोहण्याच्या फळीच्या बोल्टांभोवती दोन वीत भागात भदाभद. आतला प्लाय ओला झालेला. जुन्या मालकानं बोल्ट सीलंटशिवाय घातले असणार. कुजक्या लाकडात अजून आठ भोकं पाडून त्यावर पन्नास-साठ किलोचा धक्का रोज द्यायचा, हे मी करणार नव्हते. सक्शनच राहील असं ठरलं.

दिवाळीनंतरच्या दुसऱ्या रविवारी चाचणी. पीव्हीसी पाइपवर दर दहा सेंटिमीटरला लाल पट्टा मारून तो फळीवरून लाटेत धरायचा, असं मोजमाप. वेग मोबाइलच्या जीपीएसवर. नुसती बोट: पस्तीस सेंटिमीटर आणि नुसता फेस. नुसती पाटी: तेवढीच उंची, पण स्वच्छ. नुसतं वजन: पन्नासच्या पुढे, पण माथा उकळणारा. वजन आणि पाटी दोन्ही: पंचावन्नच्या आसपास, आणि काचेसारखा उतार. साडेसोळाला लाट उभी आणि तोकडी होती, साडेसतराला लांब. चालकाला एका किलोमीटरचा तो फरक हातात पकडायला पूर्ण सकाळ लागली. मुलीनं चौथ्या खेपेला दोरी बोटीत फेकली. अकरा सेकंद. मग पडली, वर आली आणि काही बोलेचना, नुसती हात हलवत होती. दुपारपर्यंत चाळीस सेकंद.

मालक स्वतः पंच्याऐंशी किलोचे. त्यांनी तीनदा प्रयत्न केला, तिन्ही वेळा लाटेनं त्यांना मागे टाकलं. त्यांना उचलायला जेवढं पाणी लागतं तेवढं ही बोट सुरक्षितपणे ढकलू शकत नाही. मोठा, जास्त तरंगणारा बोर्ड घेतला तर थोडी आशा आहे, हे मी सांगितलं. अजून वजन हा मार्ग नाही, हेही.

तिसऱ्या फेरीनंतर काठावरून हाक आली. ट्यूबवर बसून मासेमारी करणारे एक कातकरी काका. "ताई, तुमची लाट लई लांब येती. जाळं गुंडाळतंय माझं." आम्ही काठापासून साठ-सत्तर मीटरवरून जात होतो. मी बांबूवर खुणा करून काठाजवळ रोवला आणि दोन फेऱ्या करायला लावल्या. बोट लांब गेल्यावरही काठावर लाट चांगलीच आपटत होती, आणि लाल माती सुटून पाणी गढूळ होत होतं. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेनं २०२२ मध्ये अशा लाटा मोजल्या. त्यांच्या निष्कर्षानुसार सर्फच्या लाटेचा जोर साध्या बोटीच्या २०० फुटांवरच्या लाटेइतका उतरायला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं. ते दीडशे मीटर झाले. आम्ही दोनशे धरले आणि मधल्या पट्ट्यात पिवळे फ्लोट टाकून रस्ता आखला. वळणं कमी, कारण स्वतःच्याच जुन्या लाटांमधून परत आलं की सर्फही बिघडतो.

काकांनी त्याच दिवशी आम्हाला अजून एक मोठी मदत केली. पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंती कुठे वर येतात आणि आंब्याचे बुंधे कुठे आहेत, ते त्यांनी बोटीत बसून दाखवलं. तिथे आम्ही लाल फ्लोट टाकले. वीस फुटांपेक्षा कमी पाण्यात ही बोट वजन भरून चालवायची नाही, असं ठरलं. या धरणात ती मर्यादा फेब्रुवारीच्या आसपास येते. काकांची जाळी पहाटे असतात, म्हणून सर्फिंग सकाळी नऊनंतर.

मार्चपासून बोट आमच्या शेडमध्ये आहे. ट्रान्समचा ओला भाग कापून काढलाय, नवा मरीन प्लाय इपॉक्सीत बसतोय, पोहण्याच्या फळीचे बोल्ट या वेळी सीलंटमध्ये. मालकांनी झडपेचा विषय पुन्हा काढलाय. लाकूड पूर्ण वाळून पुन्हा हातोडीनं ठोकून बघेन, मगच त्यांना उत्तर देईन.